शेऱ्याच्या रकान्यातलं विष

फॉर्मवर चार रसायनांची नावं होती : क्लोरोफॉर्म, ब्रोमोडायक्लोरोमिथेन, डायब्रोमोक्लोरोमिथेन आणि ब्रोमोफॉर्म. पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन टाकला की पाण्यातल्या सेंद्रिय द्रव्यांशी त्याचा संयोग होऊन ही चार तयार होतात. त्यांना मिळून ट्रायहॅलोमिथेन म्हणतात. अमेरिकेच्या उत्तर कॅरोलिना राज्यात कॅम्प लेज्यून हा मरीन सैनिकांचा अवाढव्य तळ आहे. १९८०च्या ऑक्टोबरपासून तिथल्या नळाच्या पाण्याचे नमुने लष्कराच्या प्रयोगशाळेत जाऊ लागले, ते याच चारांचं प्रमाण मोजून घेण्यासाठी. मोजणाऱ्यांना मात्र या चारांशिवाय आणखी काहीतरी दिसत होतं, आणि फॉर्मवर त्याला जागा नव्हती. प्रयोगशाळेचे प्रमुख विल्यम नील यांनी ते शेऱ्यात लिहिलं. सेंद्रिय रसायनांचा जोरदार अडथळा येतो आहे, क्लोरीनयुक्त रसायनांसाठी या पाण्याची वेगळी तपासणी करून घ्या, असा तो शेरा होता. मार्च १९८१च्या अहवालात त्यांनी आडपडदा ठेवला नाही. हे पाणी इतर क्लोरीनयुक्त हायड्रोकार्बनांनी, म्हणजे सॉल्व्हंटांनी, अत्यंत दूषित आहे, असं हातानं लिहून त्यांनी पुढे उद्गारचिन्ह दिलं.

ज्या बोअरवेलमधून हे पाणी येत होतं, त्यांतली पहिली बंद झाली ३० नोव्हेंबर १९८४ रोजी. म्हणजे त्या उद्गारचिन्हानंतर पावणेचार वर्षांनी. त्या काळात तळावरची कुटुंबं तेच पाणी पीत होती, त्यातच बाळांचं दूध कालवत होती.

पाण्याच्या प्रदूषणाची हकीगत सांगताना चाचणी झालीच नाही, किंवा फार उशिरा झाली, असं बहुधा सांगावं लागतं. कॅम्प लेज्यूनबद्दल तसं म्हणता येत नाही. इथे चाचण्या झाल्या, एकाहून अधिक प्रयोगशाळांत झाल्या, आणि तिथल्या माणसांनी आपलं काम चोख केलं. त्यांनी कळवलेला आकडा ज्यांच्या टेबलावर पोचला, त्यांच्यावर काही करण्याचं कायदेशीर बंधन आहे का, एवढाच प्रश्न तिथे विचारला गेला. त्याचं उत्तर नाही असं निघालं आणि नळ चालू राहिले. हे कसं घडलं ते समजून घ्यायला थोडं मागे जायला हवं.

१९७०पर्यंत पिण्याच्या पाण्याची तपासणी म्हणजे मुख्यतः जंतू, गढूळपणा, क्षार आणि धातू यांची तपासणी. पाण्यात अत्यल्प प्रमाणात विरघळलेली आणि सहज उडून जाणारी रसायनं पकडण्याचं सोपं साधनच नव्हतं. १९७४मध्ये दोन गोष्टी जवळपास एकाच वेळी घडल्या. हॉलंडमधल्या रॉटरडॅमच्या पाणीपुरवठा खात्यातले रसायनतज्ज्ञ योहानेस रूक यांनी दाखवून दिलं, की क्लोरीन घातल्यामुळे पाण्यात क्लोरोफॉर्म तयार होतो. इकडे सिनसिनाटीत, अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या म्हणजे ईपीएच्या प्रयोगशाळेत, टॉम बेलर आणि जेम्स लिक्टेनबर्ग यांनी अशी रसायनं मोजण्याची नवी पद्धत बसवली.

ती पद्धत थोडक्यात सांगायला हवी, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यातून निघते. काचेची छोटी बाटली पाण्यानं काठोकाठ भरायची, हवेचा एक बुडबुडाही आत राहता कामा नये. बुडबुडा राहिला तर रसायन पाण्यातून निघून त्या हवेत जाऊन बसतं आणि हाती कमी आकडा येतो. प्रयोगशाळेत त्या पाण्यातून हेलियमसारखा निष्क्रिय वायू सोडतात. तो वर येताना उडणारी रसायनं बरोबर घेऊन येतो. ती एका बारीक नळीत भरलेल्या शोषकात अडकवायची, मग नळी तापवून ती एकदम सोडायची आणि गॅस क्रोमॅटोग्राफच्या लांब नळीतून जाऊ द्यायची. प्रत्येक रसायन आपापल्या वेगानं त्या नळीतून बाहेर पडतं आणि कागदाच्या पट्टीवर त्याचा एक उंचवटा उमटतो. कोणत्या मिनिटाला उमटला त्यावरून रसायन ओळखायचं, किती मोठा आहे त्यावरून प्रमाण. हे यंत्र निवड करत नाही. तुम्ही क्लोरोफॉर्म शोधायला बसलात तरी पाण्यात जे जे त्या जातीचं असेल, त्या सगळ्याचे उंचवटे त्याच पट्टीवर येतात. सॉल्व्हंटाचा उंचवटा ट्रायहॅलोमिथेनच्या उंचवट्याला खेटून आला, तर चारांचा हिशेबही नीट लागत नाही. नील यांना आलेला अडथळा या प्रकारचा होता.

१९७४च्या नोव्हेंबरात न्यू ऑर्लिन्सच्या नळाच्या पाण्यात, म्हणजे मिसिसिपी नदीच्या पाण्यात, अशा कितीतरी सेंद्रिय रसायनांची नोंद जाहीर झाली आणि देशभर खळबळ उडाली. महिन्याभरात, १६ डिसेंबर १९७४ रोजी, राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी सुरक्षित पेयजल कायद्यावर सही केली. या कायद्याची रचना अशी, की ईपीएनं एकेक रसायन घ्यायचं, अभ्यास करायचा, मर्यादा ठरवायची. मग पाणीपुरवठा करणाऱ्यांनी ती पाळायची. नव्या पद्धतीमुळे दिसू लागलेल्या रसायनांपैकी पहिली मर्यादा ट्रायहॅलोमिथेनवर आली, नोव्हेंबर १९७९मध्ये : चारांचं मिळून १०० पीपीबी. ट्रायक्लोरोइथिलीन या सॉल्व्हंटाची मर्यादा ठरायला १९८७ उजाडलं. यंत्राला सॉल्व्हंट दिसत होतं आणि कायद्याला दिसत नव्हतं, अशी ती मधली आठ वर्षं.

पीपीबी म्हणजे अब्ज भागांत एक भाग. लिटरभर पाण्यात एक मायक्रोग्रॅम. ट्रायक्लोरोइथिलीनची पुढे ठरलेली मर्यादा आहे ५ पीपीबी. उन्हाळ्यात आपल्या गावोगावी फिरणारा १० हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा. त्यात जेमतेम एक थेंब पडला, की ही मर्यादा गाठली जाते. ट्रायक्लोरोइथिलीन हे यंत्रांच्या धातूच्या भागांवरचं ग्रीस काढणारं सॉल्व्हंट. दुसऱ्या महायुद्धापासून कारखाने, विमानतळ आणि लष्करी वर्कशॉप यांत ते सर्रास वापरलं गेलं. त्याचं भावंड टेट्राक्लोरोइथिलीन ड्राय-क्लीनिंगच्या दुकानांत वापरतात. दोन्ही बिनरंगी, पाण्याहून जड. उघड्यावर सांडली तर उडून जातात, म्हणून लोकांना वाटायचं की जमिनीवर ओतली तरी बिघडत नाही. पण जेवढी जमिनीत मुरतात तेवढी मातीला फारशी न चिकटता खोल उतरतात, आणि भूजलात पोचली की तिथून उडून जायला वाट नसते. तिथे ती दशकानुदशकं राहतात, हळूहळू भूजलाबरोबर सरकतात आणि काही ठिकाणी जिवाणूंच्या क्रियेनं त्यांचं व्हिनाइल क्लोराइड होतं, जे आणखी घातक आहे.

कायद्यात मर्यादा नसताना नळ बंद करताच येत नव्हते का? येत होते, आणि तसं घडलंही होतं. मॅसेच्युसेट्स राज्यातल्या वोबर्न या कारखान्यांच्या गावात १९६४ आणि १९६७मध्ये ‘जी’ आणि ‘एच’ नावाच्या दोन नव्या विहिरी सुरू झाल्या. पाण्याला वास येतो, चव बिघडली आहे, अशी तक्रार पूर्व वोबर्नमधले लोक सुरुवातीपासून करत होते. अ‍ॅन अँडरसन या तिथल्या एक आई. त्यांच्या मुलाला, जिमीला, १९७२मध्ये रक्ताचा कर्करोग झाला. रुग्णालयात आणि दुकानात भेटणाऱ्या ओळखीच्या बायकांशी बोलताना त्यांच्या लक्षात आलं, की याच आजाराची आणखी मुलं आपल्याच आसपासच्या गल्ल्यांत आहेत. पाण्याकडे बोट दाखवलं तेव्हा त्यांना कुणी गांभीर्यानं घेतलं नाही. मे १९७९मध्ये विहिरींपासून जवळच एका मोकळ्या जागेत औद्योगिक कचऱ्याची १८४ पिंपं टाकलेली सापडली. खबरदारी म्हणून राज्याच्या पर्यावरण खात्यानं विहिरींचं पाणी तपासलं. ट्रायक्लोरोइथिलीन निघालं २६७ पीपीबी. तेव्हा त्याची मर्यादा कुठल्याच संघराज्यीय नियमात नव्हती. तरीही २२ मे १९७९ रोजी दोन्ही विहिरी बंद करण्यात आल्या. वोबर्नचा पुढचा खटला, १९८६मध्ये डब्ल्यू. आर. ग्रेस या कंपनीनं केलेली ८० लाख डॉलरची तडजोड आणि त्यावरचं पुस्तक-सिनेमा हे सगळं गाजलं. मला त्यातला तो मे महिना महत्त्वाचा वाटतो. २६७ हा आकडा पाहून कुणाला तरी हे पाणी लोकांनी पिऊ नये असं वाटलं, आणि तेवढं त्यांना पुरलं.

आता कॅम्प लेज्यून. १९४१मध्ये न्यू नदीच्या मुखाशी या तळाची उभारणी सुरू झाली. सैनिकांच्या बराकी, वर्कशॉप, इंधनाच्या टाक्या, रुग्णालय, शाळा, कुटुंबांसाठी क्वार्टर्स, असं एक पूर्ण शहरच तिथे वसलं. पाणी सगळं भूजलाचं. ठिकठिकाणच्या बोअरवेलमधून ते एका जलशुद्धीकरण केंद्रात आणायचं, तिथे एकत्र करून शुद्ध करायचं आणि नळांना सोडायचं. हॅडनॉट पॉइंट हे सर्वांत जुनं केंद्र १९४०च्या दशकातलं. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला टारावा टेरेस ही विवाहित सैनिकांची वसाहत आणि तिचं केंद्र झालं. होलकम बुलेव्हार्ड केंद्र १९७२मधलं.

टारावा टेरेसच्या बोअरवेलपासून जवळ, तळाच्या हद्दीबाहेर, एबीसी वन-अवर क्लीनर्स हे ड्राय-क्लीनिंगचं दुकान १९५३मध्ये सुरू झालं. सैनिकांचे गणवेश तिथे धुऊन जायचे. वापरलेल्या टेट्राक्लोरोइथिलीनमिश्रित सांडपाण्याला वाट होती ती सेप्टिक टाकीची, आणि टाकीतून जमिनीत. सॉल्व्हंट गाळून पुन्हा वापरताना तळाशी जो भुकटीसारखा गाळ उरायचा, तो दुकानामागच्या बोळातले खड्डे बुजवायला वापरला जाई. पावसाबरोबर त्यातलं सॉल्व्हंट आणखी खाली जात राहिलं. हॅडनॉट पॉइंटला बाहेरच्या दुकानाची गरज पडली नाही. तळाचीच वर्कशॉप, गळक्या भूमिगत टाक्या आणि कचरा टाकण्याच्या जागा यांतून ट्रायक्लोरोइथिलीन आणि पेट्रोलमधलं बेंझीन भूजलात उतरत होतं. जमिनीत मुरलेल्या इंधनाचे पुढचे अंदाज लाखो गॅलनांचे आहेत. सॉल्व्हंट नीट विल्हेवाट न लावता टाकली तर पिण्याचं पाणी दूषित होऊ शकतं, याची जाणीव तळाला नव्हती असं म्हणता येत नाही. जून १९७४च्या तळाच्या एका आदेशात सॉल्व्हंटांचा उल्लेख घातक म्हणून आहे आणि हा इशाराही आहे.

ट्रायहॅलोमिथेनचा नियम आला म्हणून १९८०मध्ये नमुने घेणं सुरू झालं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला नौदलानं एका खासगी प्रयोगशाळेकडे जो नमुना पाठवला, तो तळावरच्या आठही पाणीपुरवठा केंद्रांचं पाणी एकत्र करून केलेला होता. दोन दूषित आणि सहा बऱ्या पाण्यांची सरासरी. तरीही त्यात ट्रायक्लोरोइथिलीनसह ११ उडनशील रसायनांच्या खुणा निघाल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस लष्कराच्या प्रयोगशाळेनं हॅडनॉट पॉइंटचं पाणी वेगळं तपासायला घेतलं आणि नील यांचे शेरे सुरू झाले. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. कोणतं सॉल्व्हंट, किती, कुठल्या बोअरवेलमधून, हे शोधण्याची चाचणी तळानं यानंतर लगेच करून घेतली नाही. एकेका बोअरवेलमधून बाटली भरून घ्यायची आणि त्याच यंत्रातून तपासायची, एवढंच ते काम होतं.

१९८२मध्ये ट्रायहॅलोमिथेन मोजण्याचं काम रॅली शहरातल्या ग्रेंजर लॅबोरेटरीजकडे आलं. त्यांच्याही पट्टीवर तेच उंचवटे आले. या छोट्या खासगी प्रयोगशाळेनं मात्र पुढचं पाऊल टाकलं : उंचवटे कशाचे ते ओळखलं. मे महिन्यात फोन करून तळाच्या रसायनतज्ज्ञांना कळवलं, की हॅडनॉट पॉइंटच्या पाण्यात ट्रायक्लोरोइथिलीन आहे आणि टारावा टेरेसच्या पाण्यात टेट्राक्लोरोइथिलीन. मेअखेरीस तळावरच्या नौदल रुग्णालयाच्या नळाचा नमुना तपासला तर ट्रायक्लोरोइथिलीन निघालं १,४०० पीपीबी. टारावा टेरेसचे आकडे ७६पासून १०४पर्यंत. १० ऑगस्ट १९८२ रोजी ग्रेंजरनं तळाच्या कमांडिंग जनरलच्या नावे पत्र लिहिलं. ज्यासाठी तुम्ही आम्हाला नमुने पाठवता त्या ट्रायहॅलोमिथेनपेक्षा आरोग्याच्या दृष्टीनं ही सॉल्व्हंटं जास्त महत्त्वाची आहेत, असा त्याचा स्पष्ट आशय होता. आपल्याला विचारलेल्या प्रश्नापलीकडे जाऊन, ग्राहक दुखावेल याची पर्वा न करता, एखाद्या प्रयोगशाळेनं असं पत्र लिहावं, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. प्रयोगशाळेचे सहमालक माइक हार्गेट यांनी २०१०मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे येऊन हा सगळा घटनाक्रम सांगितला.

पत्र मिळाल्यावर तळावर टिपण तयार झालं. त्यात ईपीएच्या सूचनात्मक पातळ्यांचा विचार झाला. या पातळ्या म्हणजे बंधनकारक मर्यादा नव्हत्या, तर इतक्या काळासाठी इतकं प्रमाण असेल तर बहुधा अपाय होणार नाही, असा सल्ला. ट्रायक्लोरोइथिलीनसाठी दीर्घकाळाची पातळी होती ७५ पीपीबी, टेट्राक्लोरोइथिलीनसाठी २०. म्हणजे त्या सल्ल्याच्या हिशेबानंही दोन्ही वसाहतींचं पाणी रोज पिण्याजोगं नव्हतं. पण या रसायनांना कायद्यानं मर्यादा नाही, हा मुद्दा वरचढ ठरला. जुलैच्या नमुन्यांत हॅडनॉट पॉइंटचा आकडा २०च्या आसपास उतरला होता, त्याचाही आधार मिळाला. टारावा टेरेसच्या बाबतीत पाइपांच्या आतल्या लेपातून रसायन पाझरत असेल अशी शंका घेतली गेली. मॅसेच्युसेट्समध्ये तसं घडलेलं होतं, त्यामुळे शंका निराधार नव्हती. पण बोअरवेलचं पाणी तपासलं असतं तर ती एका दिवसात मिटली असती.

१,४००वरून २० कसा होतो? तळावर सगळ्या बोअरवेल एका वेळी चालत नसत. पंप आलटून-पालटून लावले जात. दूषित बोअरवेलचा पंप चालू असेल त्या दिवशी नळाला भरपूर सॉल्व्हंट यायचं, तो बंद असेल त्या दिवशी बरंच कमी. एकाच नळाच्या आकड्यांत इतकी तफावत दिसली, तर जमिनीखाली एखादी विशिष्ट जागा फार वाईट आहे, हाच निष्कर्ष निघायला हवा होता.

इथून पुढची दोन वर्षं कागदावर भरपूर हालचाल दिसते. नौदलानं आपल्या सगळ्या तळांवर जुन्या प्रदूषणाचा शोध घेण्याचा कार्यक्रम सुरू केला होता. एप्रिल १९८३च्या अहवालात कॅम्प लेज्यूनवर ७६ संशयित जागा नोंदल्या गेल्या आणि त्यांतल्या २२ जागांचा पुढे तपास करावा असं ठरलं. ग्रेंजर दर वेळी ट्रायहॅलोमिथेनच्या अहवालाबरोबर सॉल्व्हंटांबद्दल कळवतच होती. पुढच्या तपासात जुलै १९८४मध्ये एचपी-६०२ या बोअरवेलमधून नमुना घेतला, त्यात बेंझीन निघालं ३८० पीपीबी. नोव्हेंबरअखेर त्याच बोअरवेलमध्ये ट्रायक्लोरोइथिलीन १,६०० आढळलं आणि ती बंद झाली. मग एकेक बोअरवेल वेगळी तपासण्याचं काम अखेर सुरू झालं.

सर्वांत वाईट आकडा मात्र त्या शोधमोहिमेच्या आधारे मिळाला असं म्हणवत नाही. त्यात अपघाताचा हात होता. २७ जानेवारी १९८५च्या सुमारास होलकम बुलेव्हार्ड केंद्राच्या पाण्यात इंधन शिरलं. ते केंद्र बंद करून त्याच्या वसाहतींना काही दिवस हॅडनॉट पॉइंटचं पाणी सोडलं. पाण्याला इंधनाचा वास येतो म्हणून राज्याच्या अधिकाऱ्यांनी येऊन नमुने घेतले. इंधन शोधताना त्यांना सॉल्व्हंट सापडलं. बर्कली मॅनर प्राथमिक शाळेच्या नळाला ३१ जानेवारीच्या नमुन्यात ट्रायक्लोरोइथिलीन होतं १,१४८ पीपीबी. त्याचा माग काढत लोक पोचले एचपी-६५१पर्यंत. टाकाऊ मालाच्या यार्डाजवळची ही बोअरवेल १९७२पासून चालू होती. फेब्रुवारीत तिच्या पाण्यात ट्रायक्लोरोइथिलीन निघालं १८,९०० पीपीबी, म्हणजे पुढे ठरलेल्या मर्यादेच्या पावणेचार हजार पटींहून जास्त. टारावा टेरेसला टीटी-२६ या बोअरवेलमध्ये टेट्राक्लोरोइथिलीन १,५८० पीपीबी, आणि घरांत जाणाऱ्या पाण्यात २१५. फेब्रुवारी १९८५पर्यंत तळावरच्या दहा बोअरवेल बंद झाल्या.

३० एप्रिल १९८५ रोजी टारावा टेरेसच्या रहिवाशांना कमांडिंग जनरलच्या सहीचं पत्र मिळालं. दोन बोअरवेलच्या पाण्यात काही सेंद्रिय रसायनांचे अत्यल्प अंश आढळल्यानं त्या बंद केल्या आहेत, पाण्याची टंचाई भासू शकते, तेव्हा पाणी जपून वापरा, असं त्यात होतं. ज्या पाण्यात १०० पीपीबीच्या आसपास सॉल्व्हंट असल्याचं तीन वर्षांपूर्वी कळवलं गेलं होतं, त्याच पाण्याबद्दल ‘अत्यल्प’ हा शब्द रहिवाशांपर्यंत पोचला. या पत्रावरून कुणाही आईबापाला मुलाला डॉक्टरकडे नेऊन आणावं असं वाटलं नसतं.

मरीनची बदली दोन-तीन वर्षांनी होते. वोबर्नमध्ये गल्लीतली आजारी मुलं मोजणं एका आईला जमलं, कारण माणसं तिथंच राहत होती. कॅम्प लेज्यूनचं पाणी प्यायलेली कुटुंबं कॅलिफोर्निया, टेक्सस, जपान, कुठेही गेली आणि आजार तिथे उमटले. जेरी एन्समिंगर २४ वर्षं मरीनमध्ये होते, मास्टर सार्जंट म्हणून निवृत्त झाले. त्यांची मुलगी जेनी हिला १९८३मध्ये रक्ताचा कर्करोग असल्याचं निदान झालं आणि सप्टेंबर १९८५मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, ती गेली. आपल्या मुलीला हा आजार का झाला, हा प्रश्न ते बारा वर्षं स्वतःशी विचारत राहिले. १९९७मध्ये टीव्हीवरच्या बातमीत त्यांनी कॅम्प लेज्यूनच्या पाण्याबद्दल ऐकलं. तळ १९८९मध्येच देशातल्या सर्वाधिक प्रदूषित जागांच्या सुपरफंड यादीत गेला होता, पण तिथे राहून गेलेल्यांना ते कुणी घरी कळवलेलं नव्हतं.

माइक पार्टेन यांचा जन्म १९६८मध्ये तळावरच्याच रुग्णालयात झाला. २००७मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, त्यांना स्तनाचा कर्करोग झाला. पुरुषांत तो क्वचित होतो. त्याच सुमारास एन्समिंगर यांना काँग्रेसपुढे साक्ष देताना पाहिलेल्या पार्टेन यांच्या वडिलांनी मुलाला फोन केला आणि पार्टेन व एन्समिंगर यांची गाठ पडली. पार्टेन यांनी याच आजाराचे, याच तळाशी संबंध आलेले आणखी कितीतरी पुरुष शोधून काढले. दोघांनी मिळून जुनी कागदपत्रं उकरली. नील यांचे शेरे आणि ग्रेंजरचं पत्र लोकांसमोर आलं ते या चिकाटीमुळे.

सरकारी आरोग्य यंत्रणेचा प्रवास अडखळत झाला. विषारी पदार्थांच्या आरोग्य-परिणामांचा अभ्यास करणाऱ्या एटीएसडीआर या संस्थेनं १९९७मध्ये प्रौढांना धोका संभवत नाही असा अहवाल दिला. २००९मध्ये तो मागे घ्यावा लागला, कारण बेंझीनचा त्यात नीट विचारच झालेला नव्हता. दरम्यान याच संस्थेत मॉरिस मस्लिया यांच्या नेतृत्वाखाली एक अवघड काम चाललं होतं. १९८०पूर्वीचे नमुनेच अस्तित्वात नाहीत, तर मग १९६२ सालच्या मार्चमध्ये नळाला किती सॉल्व्हंट येत होतं ते कसं सांगायचं? त्यांनी भूजलाच्या प्रवाहाचं, पंपांच्या वेळांचं आणि गळतीच्या इतिहासाचं संगणकीय प्रारूप तयार करून महिन्यागणिक प्रमाण काढलं. टारावा टेरेसचे निष्कर्ष २००७मध्ये आले, हॅडनॉट पॉइंटचे २०१३मध्ये. टारावा टेरेसच्या पाण्यात टेट्राक्लोरोइथिलीननं ५ पीपीबीची पातळी ओलांडली ती नोव्हेंबर १९५७मध्ये. म्हणजे दुकान सुरू झाल्यावर चार वर्षांत.

एकेका माणसाचा आजार पाण्यामुळेच झाला हे सिद्ध करणं कठीण असतं, आणि शास्त्रज्ञांत त्यावर प्रामाणिक मतभेदही झाले. पण समूह म्हणून पाहिलं तर पुरावा साचत गेला. २०१२मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं ट्रायक्लोरोइथिलीनला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं. २०२३मध्ये कॅम्प लेज्यूनच्या निवृत्त सैनिकांची तुलना कॅलिफोर्नियातल्या कॅम्प पेंडलटनच्या सैनिकांशी केली गेली, तेव्हा पार्किन्सनचा धोका कॅम्प लेज्यूनच्या सैनिकांत ७० टक्के जास्त निघाला. कायदेही त्याच क्रमानं आले. ऑगस्ट २०१२मध्ये ओबामा यांनी सही केलेल्या, जेनीचं नाव जोडलेल्या कायद्यानं सैनिकांना आणि कुटुंबीयांना वैद्यकीय मदत मिळू लागली. नुकसानभरपाईचे दावे मात्र उत्तर कॅरोलिनाच्या दहा वर्षांच्या मुदतीवर अडले. कर्करोग दिसायला वीस वर्षं लागतात आणि कायदा दहा वर्षांत दार बंद करतो, ही अडचण दूर व्हायला ऑगस्ट २०२२चा कॅम्प लेज्यून न्याय कायदा यावा लागला. ऑगस्ट १९५३ ते डिसेंबर १९८७ या काळात किमान ३० दिवस हे पाणी ज्यांच्या वाट्याला आलं, त्यांना दावा करण्याची मुभा मिळाली. अशा लोकांची संख्या दहा लाखांपर्यंत असावी असा अंदाज आहे. दोन वर्षांच्या मुदतीत चार लाखांहून जास्त दावे नौदलाकडे दाखल झाले.

पाण्याच्या चाचणीच्या नियमांवर या काळाचा ठसा उमटला. १९९६च्या दुरुस्तीनं प्रत्येक सार्वजनिक पाणीपुरवठादाराला दरवर्षी आपल्या पाण्यात काय काय आढळलं ते ग्राहकांना कळवणं बंधनकारक झालं. त्याच दुरुस्तीनं ईपीएवर आणखी एक जबाबदारी आली : ज्यांना अजून मर्यादाच नाही अशा रसायनांची यादी दर पाच वर्षांनी करायची आणि मोठ्या पुरवठादारांनी ती मोजायची. नियम नाही म्हणून मोजणी नाही, हे चक्र तिथे निदान कागदावर तुटलं. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० या पेयजल मानकाची २०१२ची आवृत्ती पाहिली, तर ती चार ट्रायहॅलोमिथेनं त्यात मर्यादांसह आहेत, ट्रायक्लोरोइथिलीन आणि टेट्राक्लोरोइथिलीन नाहीत. औद्योगिक वसाहतींच्या कडेला बोअरवेलचं पाणी पिणारी गावं महाराष्ट्रात कमी नाहीत. तिथला नमुना प्रयोगशाळेत गेलाच, तर सॉल्व्हंटाचा आकडा मागणारा रकाना त्या मानकानं दिलेला नव्हता.

उत्तर कॅरोलिनातल्या संघराज्यीय न्यायालयात आता हे खटले उभे आहेत. चार न्यायाधीशांनी काम टप्प्यांत वाटून घेतलं आहे, आणि त्यातला पहिला टप्पा आजारांचा नसून पाण्याचा आहे : कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात, कोणत्या वसाहतीच्या नळाला किती सॉल्व्हंट होतं. दावेदारांचा आधार आहे मस्लिया यांच्या प्रारूपावर. सरकारी पक्षाच्या तज्ज्ञांचा आक्षेप, की प्रत्यक्ष मोजणीचे आकडे फार थोडे असताना त्यावरून इतके नेमके निष्कर्ष काढता येत नाहीत. आकडे थोडे आहेत हे खरंच आहे. मार्च १९८१नंतर प्रत्येक बोअरवेलच्या तोंडाशी बाटल्या भरल्या असत्या, तर निदान शेवटच्या चार वर्षांसाठी ते पुरेसे झाले असते.